जूनमध्ये मागची खोली तुमची

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं "पैसे सुटतात का गं?" आणि मागून आईचा आवाज आला, "आधी विचारा दमते का," आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. मी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला आणि नंतर काही केलाच नाही. म्हणून आज बसून लिहूनच काढते. फेब्रुवारी संपत आलाय, आज पाहुण्यांना भाड्याने देतो त्या तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत, बाहेर धुकं आहे, तुमचे जावई वर लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये अडकलेत आणि मशीनमध्ये चादरींचा शेवटचा घाणा फिरतोय.

आधी आईचं. दमते. खोटं कशाला सांगू. पण दमायला होतं ते नाश्त्याने नाही, चादरींनी होतं. आमच्याकडे दोन जातीचे पाहुणे येतात, चालणारे आणि बागा बघणारे. चालणारे म्हणजे कॉट्सवोल्ड वे वरचे. ही इंग्लंडमधली पायवाट आमच्या जवळच्या चिपिंग कॅम्पडेन गावातून सुरू होते आणि थेट बाथ शहरापर्यंत जाते, १६४ किलोमीटर, लोक आठ-दहा दिवसांत पार करतात. बहुतेक जण कॅम्पडेनपासून निघतात, म्हणजे आमच्याकडे येतात ते चालायच्या आदल्या रात्री, नुसते एक रात्र झोपतात, पोटभर खातात, सामानाची व्हॅन सकाळी नऊच्या आत बॅगा उचलून पुढच्या मुक्कामाला नेते आणि हे मोकळ्या हाताने निघतात. उलट्या बाजूने येणारे तर दहा दिवसांचा चिखल घेऊन शेवटची रात्र आमच्याकडे काढतात, त्यांचे बूट वाळवायला मी बॉयलरशेजारची अख्खी बोळकांडी दिलीय, तिथला वास मी वर्णन करत नाही. माणसं मोठी गोड असतात पण एका रात्रीसाठी गादीची खोळ, दोन चादरी, रजईचं कव्हर, चार अभ्रे, टॉवेल सगळं बदलायचं, आणि दुसऱ्या रात्री परत तेच. बागा बघणारे तीन-तीन रात्री राहतात. तेवढ्याच चादरीत तिप्पट पैसे. हे गणित कळायला मला अख्खा एक सीझन गेला. आता शनिवारी दोन रात्रींखाली बुकिंग घेतच नाही.

आता बाबांचं. पैसे सुटतात, पण त्यावर घर चालेल असे नाहीत. घर जावयांच्या पगारावर चालतं, खोल्या स्वतःचं पोट भरतात आणि छपराच्या कर्जाचा हप्ता फेडतात. एका खोलीचे नाश्त्यासकट रात्रीला ११५ पाउंड, त्यातले पंधरा टक्के बुकिंगची वेबसाइट घेते, मग लाँड्री, अंडी, विमा, आणि हीटिंगचं तेल. इथे गॅसची लाइन नाहीये, अंगणात टाकी आहे, टँकर येऊन तेल भरून जातो आणि त्या दिवशी मी बिल उलटं ठेवते. मागच्या वर्षी तिन्ही खोल्या मिळून ४१२ रात्री विकल्या गेल्या. जानेवारीत फक्त नऊ.

तुम्ही मागे म्हणाला होतात ना की चौथी खोली का काढत नाहीस, जागा तर आहे. त्याला कारण आहे, आणि ते तुम्हाला आवडेल असं आहे. इथे एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुण्यांची सोय नसेल, मालक त्याच घरात राहत असेल आणि पाहुणे हा घराचा जोडवापर असेल तर व्यवसायाची वेगळी घरपट्टी शक्यतो लागत नाही. तीन खोल्या म्हणजे सहा माणसं. चौथी काढली की ती पट्टी आली, आणि ती भरायला पाचवी काढावी लागेल! म्हणून तीनच.

आणि रजिस्टर! बाबा, मी तुमच्यासारखं रजिस्टर ठेवते. १९७२ चा एक नियम आहे, सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून निदान बारा महिने जपून ठेवायचं, ब्रिटिश, आयरिश किंवा कॉमनवेल्थ देशातला नसेल तर पासपोर्ट नंबर आणि इथून पुढे कुठे जाणार तेही साधारण विचारून ठेवायचं. मी लाल पुठ्ठ्याच्या जाड वहीत रकाने आखून घेतलेत, हे म्हणतात एक्सेलमध्ये कर, मी म्हटलं आमच्या घरात असं नसतं.

तुम्हाला इथलं खरं काय दाखवायचंय माहितीये का? बागा-बिगा नंतर. वहिवाट. तहसीलमध्ये असताना तुम्ही कलम १४३ च्या केसेसच्या फायली घरी आणायचात आणि जेवताना सांगायचात की अमक्याने बांधावरून रस्ता अडवला, तमक्याने काटे टाकले, दोन भावांची डोकी फुटली. इथे लोकांच्या शेताच्या मधोमध, पिकातून, सार्वजनिक पायवाटा जातात. शेत खाजगी, पायवाट सगळ्यांची. प्रत्येक काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडे, त्याचा अधिकृत नकाशा असतो, एकदा त्यावर रेघ आली की रस्ता आहे हे कोर्टातसुद्धा सिद्ध झाल्यात जमा. आणि नकाशावर नसेल तरी लोक वीस वर्षं कुणाची परवानगी न मागता, लपूनछपून नव्हे तर उजळ माथ्याने, न अडता चालले असतील तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो, अर्थात मालकाने मधे कधी "इथून रस्ता नाही" असं जाहीर केलेलं नसेल तर. शेतकऱ्याने पायवाटेवरून नांगर फिरवला तर चौदा दिवसांत वाट परत चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. आमच्या मागच्या शेतात मी हे डोळ्यांनी पाहिलं, ऑक्टोबरमध्ये सगळं रान काळंभोर नांगरलेलं आणि आठवड्याभराने त्यातून ट्रॅक्टरच्या चाकाने दाबलेली एक सरळ रेघ, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. मी तिथे उभी राहून तुमचीच आठवण काढली. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, "आणि नाही करून दिली तर?" तर नोटीस येते, बाबा. इथेही नोटीसच येते.

आईसाठी पण एक ठेवलंय. इथे उन्हाळ्यात गावोगावी घरांच्या फाटकाला पिवळी पाटी दिसते. म्हणजे आज या घरची खाजगी बाग लोकांना बघायला खुली. तिकीट काढायचं, बाग फिरायची, केक-चहा घ्यायचा. हे सुरू कशासाठी झालं माहितीये? खेड्यापाड्यांत घरोघर फिरणाऱ्या नर्सेससाठी! १९२७ साली त्यांच्यासाठी पैसे उभे करायचे होते म्हणून ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग. आजही ते पैसे मोठ्या प्रमाणात नर्सिंगच्याच संस्थांना जातात. मला हे एका म्हाताऱ्या पाहुणीने सांगितलं आणि मी तिला सांगितलं की माझी आई उपकेंद्राची नर्स होती, लसींचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर चालत जायची. ती म्हणाली, मग तुझ्या आईकडून कुणी तिकीट घेता कामा नये. मी म्हटलं आई ऐकणार नाही, ती तिकीट काढेल आणि वर केकची रेसिपी पण घेऊन येईल.

मोठ्या बागा दोन आहेत, दोन्ही आमच्यापासून गाडीने जवळ आणि एकमेकींच्या अगदी शेजारी. एक हिडकोट. १९०७ मध्ये एका बाईने ते घर घेतलं आणि तिच्या मुलाने, लॉरेन्स जॉन्स्टन नाव त्याचं, तिथे बाग केली. उंच कुंपणांच्या भिंती करून त्याने बागेच्या खोल्या पाडल्यात, या खोलीत सगळी लालच फुलं, त्या खोलीत पांढरी, तिसरीत नुसतं पाणी. दुसरी किफ्ट्सगेट. ती मला जास्त आवडते, कारण ती आजी, मग आई, मग लेक अशी तीन पिढ्यांच्या बायकांच्या हातची आहे. आजीने १९३८ मध्ये लावलेला एक पांढरा वेलगुलाब आहे तिथे, तो शेजारच्या झाडावर चढत चढत पन्नास फुटांच्या आसपास गेलाय. गुलाब म्हणून बघायला जाल तर दिसणारच नाही, मान वर करावी लागते. तो जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला फुलतो. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाश्त्याचं सांगायचं राहिलं. आठ ते साडेनऊ. अंडी, टोमॅटो, मशरूम, बीन्स, टोस्ट, आणि आई, बाकीच्या दोन गोष्टी मी वेगळ्या तव्यावर करते, तो तवा तुला दिसणार नाही अशी व्यवस्था करीन. रविवारी पोहे ठेवायला लागले आणि मग कळलं की पोहे काय प्रकरण आहे ते. इथे चौदा पदार्थांची यादी आहे, त्यातलं काहीही जेवणात असेल तर खाणाऱ्याला सांगता आलंच पाहिजे. त्यात शेंगदाणे आहेत, समजू शकते. पण मोहरी पण आहे! आणि तीळ पण! म्हणजे आपली साधी फोडणी इथे जोखमीचा माल. आता पोह्यांशेजारी छोटी पाटी असते, शेंगदाणे वेगळ्या वाटीत, आणि शेंगदाणे नसलेले पोहे मी दर रविवारी बघते ही गोष्ट आज्जीला कळली असती तर तिने मला घरात घेतलं नसतं. लोक मात्र पाव किलो पोहे पाच मिनिटांत संपवतात.

वाईट दिवस पण येतात, ते फोनवर सांगत नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी सेप्टिक टँक तुंबला. इथे खेड्यात ड्रेनेज नाही, आपल्यासारखीच टाकी. कुणीतरी ओले टिश्यू फ्लश केले होते, घर फुल, आणि मी रबरी हातमोजे घालून, हसऱ्या चेहऱ्याने लोकांना सांगतेय की बाथरूम तासभर बंद आहे, तोवर बागेत चहा घ्या. टाकी उपसणारा सोमवारी आला. सोमवारपर्यंत काय केलं ते विचारू नका. आता प्रत्येक बाथरूममध्ये पाटी आहे, पाहुण्यांना ती विनोदी वाटते, मला नाही.

आणि एकदा एक बाई आल्या, दार मी उघडलं, त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "मालकीणबाई आहेत का?" मी म्हटलं आहेत, बसा. आत गेले, ट्रेमध्ये चहा घेऊन आले, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?" त्यांना कळायला दोन घोट लागले. बिचाऱ्या लालबुंद झाल्या. नंतर तीन वेळा येऊन गेल्यात आणि दर ख्रिसमसला कार्ड पाठवतात, पण त्या रात्री मी रडले होते, हे आज पहिल्यांदा सांगतेय. चादरी बदलायचा कंटाळा येतो त्या दिवशी बाबांचं ते वाक्यही आठवतं, एवढं इंजिनिअरिंग करून लोकांची अंथरुणं घालतेस. तुम्ही ते रागाने नव्हतं म्हटलं, मला माहितीये. पण आठवतं. आणि तरी सकाळी सहाला मागचं दार उघडून दव पडलेल्या गवतातून कोथिंबिरीच्या कुंडीपर्यंत जाताना ऑफिसमध्ये परत जावंसं एकदाही वाटलेलं नाही. त्यामुळे परत यायचं जे तुम्ही दोघं आडून आडून विचारता ना, ते सध्या तरी नाही. मी येत नाहीये. तुम्ही या.

कधी, तर १२ जून ते १० जुलै. बाबांच्या गुडघ्याची काळजी मी केलीय. इथे बऱ्याच वाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्या तुम्हाला जमणार नाहीत. म्हणून मागचे तीन रविवार मी एकच वाट शोधत होते आणि सापडलीय. सपाट आहे, पायरी एकही नाही, जायला वीस मिनिटं, मधे ओढ्याकाठी एक बाक आणि टोकाला चर्चच्या भिंतीशी दुसरा. दोन फाटकं लागतात, त्यांना किसिंग गेट म्हणतात, बाबा लाजू नका, फाटक दोन्ही बाजूंच्या खांबांना नुसतं टेकतं म्हणून ते नाव, गुरं बाहेर पडू नयेत म्हणून तशी रचना. एका वेळी एकच माणूस जातो, त्यामुळे आई पुढे, तुम्ही मागे. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, जेवून निघालात तरी चालेल. मे महिन्यात गाई-वासरं सोडतात त्या शेतातून ही वाट जात नाही, ते पण बघून घेतलंय.

आई, एक अट आहे. स्वयंपाकघरात साडेनऊपर्यंत यायचं नाही. तुम्ही पाहुणे म्हणून डायनिंगमध्ये बसणार, मी विचारणार अंडं कसं हवं, तू म्हणणार नको, मी म्हणणार मग पोहे, शेंगदाणे घालून. भांड्यांना हात लावलास तर रजिस्टरमध्ये तक्रार नोंदवीन.

मागची खोली ठेवलीय तुमच्यासाठी, जिच्या खिडकीतून पेअरचं झाड दिसतं ती. कॅलेंडरवर काल रात्रीच ब्लॉक करून टाकली, आता ती कुणाला दिसतच नाही. सीझनच्या ऐन भरात अठ्ठावीस रात्री. बाबा, अठ्ठावीसला ११५ ने गुणू नका. मी गुणून झालेय.

व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र वेगळं पाठवते, त्याच्याआधी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा नीट, सरळ, सावली न पडलेला फोटो पाठवा, मागच्या वेळी बाबांचा अंगठा आला होता.

मशीन थांबलं. चादरी वाळत घालते.

तुमची लेक