सूक्ष्मजीवांचे संग्रह तीन वर्षांच्या प्रकल्पांवर जगत नाहीत : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

विषय : सूक्ष्मजीवांच्या सार्वजनिक संग्रहांना कायमस्वरूपी निधी आणि संशोधन-अनुदानात स्ट्रेन (वेगळा करून वाढवलेला सूक्ष्मजीवाचा विशिष्ट वाण) जमा करण्याची तरतूद

महोदय,

सरकारी अनुदानातून एखादा जिवाणू मातीतून किंवा पाण्यातून वेगळा केला जातो. त्यावर शोधनिबंध निघतो, कुणाची तरी पीएच.डी. होते. तो जिवाणू मात्र विभागातल्या डीप फ्रीझरमध्ये, दोन मिलिलिटरच्या नळीत पडून राहतो. नळीवर विद्यार्थ्याने स्वतःपुरता ठरवलेला संकेत असतो आणि तो उलगडणारी वही विद्यार्थ्याबरोबर निघून जाते. पुढे मार्गदर्शक निवृत्त होतात, फ्रीझर जागा अडवतो म्हणून रिकामा केला जातो. शोधनिबंध ग्रंथालयात शाबूत राहतो, पण त्यातला प्रयोग पुन्हा करून बघायचा म्हटले तर जीवच हाताशी नसतो.

यावर उपाय नवा नाही. देशात सार्वजनिक संग्रह आहेत. चंदीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह १९८६ पासून चालू आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, आघारकर संशोधन संस्थेतला बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आणि २००९ मध्ये सुरू झालेले, आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखले जाणारे केंद्र आहे. शेतीशी संबंधित सूक्ष्मजीवांचा संग्रह उत्तर प्रदेशात मऊ येथे आहे. त्यामुळे आम्ही नवी इमारत मागत नाही. इमारतीला निधी मिळतोही; पुढची तीस वर्षे तिच्यातले जीव जिवंत ठेवण्याच्या खर्चाला अर्थसंकल्पात शीर्षकच सापडत नाही.

हा खर्च कशाकशाचा असतो, हे एका अँप्यूलवरून, म्हणजे तोंड वितळवून बंद केलेल्या काचेच्या छोट्या कुपीवरून, सांगतो.

जमा झालेला स्ट्रेन आधी प्लेटवर रेघा ओढून वाढवतात. एकाच प्रकारच्या वसाहती येतात का, हे किमान दोनदा पाहावे लागते, कारण जमा होणाऱ्या नळ्यांमध्ये मिश्र कल्चर (एकाहून जास्त जीवांची एकत्र वाढ) निघणे ही रोजची गोष्ट आहे. मग जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६-एस आरआरएनए जनुकाचा सुमारे १,५०० अक्षरांचा क्रम काढून ओळख तपासतात. ज्ञात प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी निघाले तर प्रजाती नवी असण्याची शक्यता धरतात आणि पूर्ण जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचतात. फ्रीज-ड्राय करण्यासाठी, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवण्यासाठी, पेशी वाढीच्या अखेरच्या टप्प्यातल्या लागतात. ऐन भरात वाढणाऱ्या कोवळ्या पेशी वाळवताना जास्त मरतात. त्या १० ते १२ टक्के साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या किंवा साखरेच्या द्रावणात कालवतात. दर मिलिलिटरला निदान दहा कोटी पेशी हव्यात, शंभर कोटी असल्या तर उत्तम. प्रत्येक अँप्यूलमध्ये ०.२ मिलिलिटर भरून, गोठवून, निर्वातात वाळवतात आणि निर्वात कायम असतानाच ज्योतीने काच वितळवून तोंड बंद करतात. आत १ ते ३ टक्के ओलावा राहायला हवा. जास्त राहिला तर साठवणीत पेशी हळूहळू मरतात आणि अगदीच वाळवले तरी नुकसान होते. काचेच्या जोडाला केसाएवढी फट राहिली तर हवा आत शिरते आणि तो माल वर्षभरात वाया जातो, म्हणून प्रत्येक अँप्यूलचा निर्वात ठिणगीच्या यंत्राने तपासावा लागतो.

त्यानंतर प्रत्येक घाण्यातली एक अँप्यूल फोडून किती पेशी जगल्या ते मोजतात. वाळवण्याआधीच्या मोजणीपेक्षा आकडा दहापट घटला तर चालून जाते. हजारपट घटला तर जे उरले ते मूळ स्ट्रेनचे प्रतिनिधी आहेत की वाळवण्यातून निभावलेले एखादे उत्परिवर्ती रूप आहे, हा प्रश्न उभा राहतो आणि काम पहिल्यापासून करावे लागते. झटपट वाढणाऱ्या साध्या जिवाणूलाही या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात. एकदा नीट झालेली अँप्यूल मात्र अंधारात, साध्या शीतकपाटाच्या तापमानाला दशकानुदशके टिकते आणि बर्फाशिवाय टपालाने जाते. म्हणून या कामावर केलेला खर्च आम्हाला सर्वांत स्वस्त वाटतो.

पण सगळेच जीव वाळवता येत नाहीत, आणि संग्रहाचा बराचसा खर्च या हट्टी मंडळींवर होतो. बीजाणू न देणाऱ्या बुरशी वाळवताना मरतात. त्या ज्यावर वाढल्या त्या अगारच्या (घट्ट जेलीसारख्या माध्यमाच्या) चकत्या १० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून, मिनिटाला सुमारे १ अंश या संथ गतीने थंड करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. थंडावण्याची गती वाढली की पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पडदा फाटतो. मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांना (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांना) प्राणवायूचा स्पर्शही चालत नाही. त्यांचे माध्यम प्राणवायू काढून घेतलेल्या वायूखाली बनवतात आणि त्यात रेसाझुरिन हा प्राणवायू लागला की रंग बदलणारा पदार्थ घालतात. माध्यम गुलाबी दिसले की हवा आत गेली असे समजायचे आणि बाटली टाकून द्यायची. अनेक सूक्ष्म शैवाले गोठवणेही सोसत नाहीत. त्यांना कायम प्रकाशात ठेवून ठरावीक अंतराने नव्या माध्यमात हलवत राहावे लागते. तिथे जागा रिकामी राहिली, कंत्राटाची मुदत संपून तंत्रज्ञ गेला, की काही महिन्यांत अख्खी फळी संपते.

सतत हलवत राहण्याचा धोका वेगळाच आहे. स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविके बनवणाऱ्या जिवाणूचे गुणसूत्र सरळ, दोन टोके असलेले असते आणि त्या टोकांकडचे तुकडे सहज गळतात. स्लँटवरून (नळीत तिरक्या थिजवलेल्या माध्यमावरून) स्लँटवर वर्षानुवर्षे चालवलेला, एकेकाळी प्रतिजैविक बनवणारा स्ट्रेन दिसायला ठणठणीत असतो, पण प्रतिजैविक बनवायचे त्याने केव्हाच सोडलेले असते. विभागांतल्या फ्रीजमध्ये असे नावापुरते उरलेले स्ट्रेन किती असतील, याची कुणी पाहणीच करत नाही.

उणे ८० अंशांचा फ्रीझर हा कायमचा साठा आहे, असा समज विद्यापीठांत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. उणे १३५ अंशांच्या आसपास पाणी काचेसारखे स्थिर होते. त्याहून वर बर्फाचे बारीक स्फटिक हळूहळू एकत्र येऊन मोठे होत राहतात. त्यात वीज जाते, दार नीट लागत नाही, एकच नळी पुन्हा पुन्हा बाहेर काढून वितळवली जाते. द्रव नायट्रोजनची वाफ उणे १५० अंशांखाली असते आणि वीज गेली तरी काही दिवस टिकते, मात्र टाकीत नियमित भर घालावी लागते. शिवाय एका लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो बंद खोलीतली हवा बाहेर ढकलतो. म्हणून प्राणवायूचे प्रमाण दाखवणारा, १९.५ टक्क्यांखाली वाजणारा अलार्म हवाच. अंदाजपत्रकात टाकी मंजूर होते, अलार्म आणि भरणा राहून जातो. ही काटकसर कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

आता दुसरी बाजू. जीनोम वाचून संगणकात ठेवला की जीव ठेवायची गरज काय, असे आम्हाला विचारतात. निसर्गातले बहुसंख्य सूक्ष्मजीव अजून प्रयोगशाळेत वाढत नाहीत, त्यांच्यासाठी जनुकीय माहितीचाच आधार आहे. २०२२ पासून केवळ जीनोमच्या आधारे नाव देण्याची पद्धतही आली आहे. पण क्रमावरून पेशी परत मिळत नाही, आणि कोणते जनुक काय करते हे शेवटी वाढणाऱ्या जीवावरच तपासावे लागते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून १९६६ मध्ये मिळालेला थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू सार्वजनिक संग्रहात जमा झाला होता. त्याचे उष्णतेत टिकणारे एन्झाइम १९७६ मध्ये वेगळे केले गेले आणि पुढे पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र) त्यावरच उभा राहिला. जमा करणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नव्हते. प्लॅस्टिक खाणारा म्हणून २०१६ मध्ये गाजलेला इडिओनेला साकाइएन्सिसही जपान आणि थायलंड अशा दोन देशांतल्या संग्रहांत ठेवलेला आहे.

दोन देशांत ठेवण्यामागे नियम आहे. जिवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००१ पासून नव्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन (त्या प्रजातीचा प्रमाण नमुना) वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत असावा लागतो आणि मागेल त्याला मिळावा लागतो. ज्याच्या वाटपावर निर्बंध आहेत, असा जमा केलेला स्ट्रेन टाइप म्हणून चालत नाही. दुसरीकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कलम ३९ सांगते की नवी प्रजाती सापडली तर ती नेमलेल्या भांडाराला कळवावी आणि नमुना तिथे जमा करावा. हे कलम योग्यच आहे. पण स्ट्रेन परदेशी संग्रहाला द्यायचा म्हटले की याच कायद्याखालच्या परवानगीचा प्रश्न येतो. संशोधकाला एका हाताने ‘मागेल त्याला द्या’ आणि दुसऱ्या हाताने ‘विचारल्याशिवाय देऊ नका’ असे सांगितले जाते. त्यातून बाहेर पडण्याचा सोपा मार्ग म्हणजे नवी प्रजाती जाहीरच न करणे, आणि तो मार्ग घेतला जातो. जैविक संपत्तीच्या चोरीची भीती रास्त आहे. पण नाव, स्थळ आणि संग्रहाने दिलेल्या जमा क्रमांकासह जाहीर झालेला स्ट्रेन चोरणे अवघड असते. निनावी नळीवर कुणाचाच हक्क सिद्ध करता येत नाही.

आणि एक विसंगती. पेटंटसाठी जमा केलेला सूक्ष्मजीव १९७७ च्या बुडापेस्ट करारानुसार किमान तीस वर्षे, आणि शेवटच्या मागणीनंतर निदान पाच वर्षे जिवंत ठेवावाच लागतो. भारत २००१ पासून या करारात आहे. म्हणजे खासगी हक्कासाठी ठेवलेल्या अँप्यूलला तीस वर्षांची हमी, आणि त्याच शीतकपाटात शेजारी असलेल्या, सार्वजनिक पैशातून मिळालेल्या अँप्यूलची देखभाल करणारा माणूस मात्र प्रकल्पावर नेमलेला, तोही बहुधा तीन वर्षांसाठी.

आमच्या मागण्या फार नाहीत. सूक्ष्मजीवांवरच्या प्रत्येक अनुदानात स्ट्रेन जमा करण्याच्या खर्चाची वेगळी ओळ असावी आणि अंतिम हप्ता जमा क्रमांक दाखवल्यावर द्यावा. सगळे स्ट्रेन जमा करा असे मात्र म्हणू नका. संग्रह त्याखाली गुदमरतील. शोधनिबंधात ज्यांची नावे येतात तेवढे पुरेत. स्ट्रेनबरोबर अक्षांश-रेखांश, तारीख, नमुन्याचा सामू आणि तापमान, माध्यमाची कृती, घेतलेल्या परवानग्या हे सारे आले नाही तर तो परत पाठवण्याचा अधिकार संग्रहाला द्या. लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा त्यामागे हॅलोआर्किया (खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्किया) असल्याचे आढळले. अशा वेळचा नमुना नंतर मिळत नाही, आणि तारखेशिवाय त्याला किंमतही नाही.

संग्रहांतली तंत्रज्ञांची पदे नियमित करा. हे हाताचे काम आहे. ज्योतीवर काच बंद करणे पुस्तकातून येत नाही. प्रत्येक संग्रहाचा दुसरा संच वेगळ्या शहरातल्या संग्रहात ठेवण्याची सक्ती करा आणि वाहतुकीचे पैसे द्या. टाइप स्ट्रेन परदेशी संग्रहात ठेवण्यासाठी एकच ठरावीक अर्ज आणि निर्णयाची बांधील मुदत पर्यावरण मंत्रालयाशी बोलून ठरवून घ्या.

सर्वांत तातडीचे काम निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांच्या फ्रीझरचे आहे. दोन-तीन तंत्रज्ञांचे पथक विभागात जाऊन आधी वही आणि नळ्या जुळवील. संशोधक हजर असतानाच हे व्हायला हवे, कारण अल्कोहोलने पुसट झालेली अक्षरे दुसऱ्या कुणाला लागत नाहीत. मग दहातली एक नळी वाढवून पाहावी. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो. टाइप स्ट्रेन आणि शोधनिबंधातले स्ट्रेन पहिल्या फेरीत कोरड्या बर्फात संग्रहाकडे न्यावेत. खोक्याला वायू बाहेर पडायला वाट ठेवावी, हवाबंद खोके फुटते. बाकीच्यांची यादी करून ती जाहीर करावी आणि सहा महिन्यांत कुणी मागणी केली नाही तर ते रीतसर निर्जंतुक करून टाकावेत. पुढील आर्थिक वर्षात निवृत्त होणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांची यादी विद्यापीठांकडून मागवलीत, तर हे काम लगेच सुरू करता येईल.

आपले,
सूक्ष्मजीव-संग्रहांत काम करणारे संशोधक व तंत्रज्ञ