सहीचं काय केलंस?

पलूस, रविवार रात्र

चि. माईस, अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन मीच ठेवला. ‘पैशाचं बघ’ असं मी तीनदा म्हणालो, हे तुझ्या आईनं मोजलं. वाढताना एवढंच म्हणाली, “तिनं विचारलं होतं का तुम्हाला?” म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो. पुस्तकाच्या करारावरच्या सहीबद्दल यात काही लिहिणार नाही.

झालं असं की सकाळी पारावर बापूंनी विचारलं, थोरली काय करते. म्हटलं, एका व्यापारी घराण्याचा इतिहास लिहिते, त्यांच्याच सांगण्यावरून. तर म्हणाले, “म्हणजे जाहिरातीचंच की!” मला राग आला. मग मी किर्लोस्करांचं काढलं, ते इथं सगळ्यांना घरचंच वाटतं. बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळ दिला, १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा राहिला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला हे माहीत, असं मी म्हणालो. बापू म्हणाले, “ही चांगली गोष्ट झाली. वाईट लिहायला कोण पैसे देतं?” मला उत्तर सुचलं नाही. घरी आलो आणि तुला फोन लावला. हे आधी सांगायला हवं होतं.

दिवाळीत तू मोबाइलवर दाखवलेलं पान डोळ्यांपुढून जात नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आणि तुझ्या बोटाखाली ती मोडीतली ओळ: ‘वहिनींचे सोने, तोळे ४२, दुकानी जमा.’ परत दिल्याची नोंद तू पुढच्या सगळ्या वह्यांत शोधलीस. नाही म्हणालीस. पेढी उभी राहिली त्या बाईच्या सोन्यावर, आणि छापील वंशावळीत तिच्या नवऱ्याच्या नावापुढं ‘निर्वंश’. तिचं नावच नाही. तू मोडीच्या वर्गाला जायचीस तेव्हा ‘याचा उपयोग काय’ असं मी म्हणालो होतो. माझ्या आजोबांच्या हातचं मला वाचता येत नाही, तुला येतं.

आता ते प्रकरण त्या घराण्याला पुस्तकात नको आहे. करारात म्हणे, ‘छपाईआधी मजकुरास घराण्याची लेखी मंजुरी’, आणि सहीशिवाय तुझ्या मानधनाचा तिसरा हप्ता नाही. त्यांचंही चुकतं असं कसं म्हणू? आपल्या घरातलं कुणी असं छापलं असतं तर आत्यानं काय केलं असतं, तूच सांग.

त्या फ्लोरेन्स एडलरबाईंचं तू सांगितलेलं माझ्या बरंच लक्षात आहे. अमेरिकन बाई, इटलीतल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या वह्यांमधल्या शब्दांचा कोश केला, १९३४ साली, स्वतःच्या नावावर. दोन वर्षांनी इतिहासकार दे रूव्हरांशी लग्न. फ्लोरेन्स शहरातल्या मेडिची घराण्याच्या पेढीवरचा १९६३ चा मोठा ग्रंथ नवऱ्याच्या नावावर, आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९४३ मध्ये, त्या पेढीच्या सासेत्ती नावाच्या मुख्य कारभाऱ्यावर तिचा स्वतःचा लेख. शाखांवर त्याचा वचक राहिला नाही आणि पेढी बुडत गेली. म्हणजे घराण्याची पेढी कशी बुडाली हे बाईनं सरळ लिहिलं. पण माई, त्या घराण्याचा मुख्य वंश १७४३ मध्येच संपला होता. तिला मंजुरी कुणाची घ्यायची होती? तुझं घराणं अजून गाडीतून फिरतंय, आणि त्यांचा वकीलही.

फ्लॅटचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो. नोकरी तू सोडलीस ती या पुस्तकासाठी. वयाच्या चाळिशीत माणसानं हातात सहा महिन्यांचा खर्च ठेवावा, कागदावरचा शब्दन् शब्द वाचावा, भांडायचं तर पैसे खात्यात आल्यावर भांडावं. हे बघ, परत सुरू झालो. माफ कर. कारखान्यातल्या पॅटर्न शॉपची सवय. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून साचा ज्यावरून घ्यायचा तो लाकडी पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा. मी तुझ्या बाबतीतही सगळं थोडं मोठं धरून चालतो, तोटासुद्धा.

शब्दन् शब्द वाच, हे मी सांगतोय! स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर मी न वाचता सही केली होती. टेबलाच्या पलीकडच्या माणसानं पेनाचं टोपण काढून दिलं, मागं रांग होती, थांबायची लाज वाटली. तू दहावीत होतीस. त्या रात्री तू तो कागद मोठ्यानं वाचलास आणि चौथ्या कलमावर थांबून माझ्याकडं बघितलंस. काही बोलली नाहीस. मला वाटतं तुझं हे कागद वाचणं तिथूनच सुरू झालं. आई म्हणते, नाही, त्याच्या आधीच.

म्हणजे कुलवृत्तांत आला तेव्हा. पाचशे रुपये भरून मागवला होता. तू अकरा वर्षांची. आपलं पान काढून बोट फिरवत विचारलंस, “मी कुठं आहे?” माझ्या नावाखाली दादाचं नाव होतं, तुझं नव्हतं. मुलींची घालत नाहीत म्हणून मी हसलो होतो. हसलो होतो हे मला खतावणीचं पान बघताना आठवलं, तुला तेव्हा बोललो नाही.

त्या बाईचं नाव सापडलं का? माहेरच्या गावी शोध, लग्नात नाव बदललं असेल. दादाच्या गाडीनं निळी ट्रंक पाठवतोय, आजोबांचे सगळे कागद त्यात आहेत. वर शेंगदाण्याची चटणी आहे, कागदांना तेल लागू देऊ नकोस. धुळीत बसताना तोंडाला रुमाल बांध.

आणि सही केली असलीस तरी कळव, नसलीस तरी कळव. गेल्या महिन्यात माझी ठेव मोकळी झाली आहे, ती परत ठेवलेली नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझे,
बाबा