‘गोरा झुलू’ हे शीर्षक खोडणाऱ्या काकांना

ती. काका,

सा. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेतला गोरा गायक जॉनी क्लेग याच्यावरचा माझा लेख काल दिवाळी अंकाकडे रवाना झाला. त्यात जे काही धड उतरले आहे ते आपल्यामुळे, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

फ्रान्समधल्या चाहत्यांनी त्याला दिलेले ‘गोरा झुलू’ (झुलू म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला एक कृष्णवर्णीय समाज) हे बिरूद मी हौसेने शीर्षकात घातले होते. आयुष्याची पस्तीस वर्षे डर्बनला काढलेल्या आपण त्यावर लाल शाईने काट मारलीत आणि समासात एवढेच लिहिलेत : ‘आधी गुरूचे नाव.’ म्हणून लेखाची सुरुवात आता जोहान्सबर्गमध्ये, इमारतींची झाडलोट करून रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या चार्ली म्झिलापासून होते. १९५३ साली इंग्लंडात जन्मलेला आणि आफ्रिकेत वाढलेला क्लेग शाळकरी वयात त्याच्यामागून कृष्णवर्णीय कामगारांच्या वसतिगृहांत नाचायला जाऊ लागला. वर्णभेदी कायद्याने तो गुन्हा होता आणि त्यासाठी त्याला अटकही झाली. पाय डोक्यापर्यंत उचलून धाडकन आपटण्याची ती चाल मला शब्दांत पकडता येईना, तेव्हा आपण व्हिडिओ कॉलवर खुर्चीतून उठून ती करून दाखवलीत. (मागून काकू ओरडल्या, त्याबद्दल क्षमस्व.)

माळीकाम करणाऱ्या सिफो मचुनूबरोबर क्लेगने काढलेल्या ‘जुलुका’ या बँडच्या नावाचा अर्थ घाम, आणि मचुनूच्या बैलाचे नावही तेच, ही गोष्ट आपण हसत सांगितलीत. ‘असिम्बोनांगा’ या क्लेगच्या गाण्याचे झुलू नाव मात्र सावकाश फोडून दाखवलेत : ‘सि’ म्हणजे आम्ही, ‘म’ म्हणजे त्याला, ‘बोन’ म्हणजे पाहणे आणि दोन्ही टोकांना नकार. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. १९८७ साली हे गाणे आले तेव्हा मंडेला तुरुंगात होते आणि त्यांचे छायाचित्र छापण्यावरही बंदी होती, त्यामुळे तो एक शब्द अक्षरशः खरा होता, हे आपण सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यामुळेच १९९९ मधला फ्रँकफर्टचा प्रसंग मी लेखात सविस्तर घेतला : क्लेग तेच गाणे गात असताना प्रेक्षक एकाएकी गर्जना करू लागतात, त्याला कारण कळत नाही, आणि मागून स्वतः मंडेला नाचत मंचावर येतात.

अंकाची प्रत आपल्याला पोस्टाने पाठवीन. तीतही चुका सापडल्या तर लाल शाई जरूर वापरावी. गुडघा मात्र जपावा.

आपला ऋणी,
लेखक