मेणाचा गुडघा

दादर,
मंगळवार

प्रिय रेमी,

फोनच करणार होतो, पण फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला. रविवारी निघताना मावशींनी डब्यात तळलेले फुगे बांधून दिले, तू मात्र दारापर्यंतही आला नाहीस. तुझ्या श्रद्धेवरून वाद घालताना "तुमचा पुरावा म्हणजे इर्ल्याचं पाणी" हे मी बोललो, ते चुकलंच.

2012 मध्ये आपण मुद्दाम पार्ल्याला उतरून इर्ल्याच्या वेलंकनी चर्चपाशी गेलो होतो, आठवतं? क्रूसावरच्या येशूच्या पायांतून थेंब थेंब पाणी, आणि ते भरून घ्यायला लोकांची झुंबड. मग चमत्कारांची उलटतपासणी करणारे बुद्धिवादी सनल एडामारुकू आले. भिंतीची ओल बघून त्यांनी सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे भिंतीच्या बारीक छिद्रांतून, वर चढतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, कलम 295अ खाली तक्रारी झाल्या, ते फिनलंडला निघून गेले. तेव्हापासून हा किस्सा मी तुझ्या तोंडावर मारतोय. पण त्या गर्दीत "आधी प्लंबरला बोलवा" असं म्हणणारा तूच होतास, आणि चर्चनेही तो चमत्कार असल्याचं जाहीर केलं नव्हतं. तुझी श्रद्धा ज्यावर उभीच नव्हती, ते पाडून मी इतकी वर्षं जिंकत बसलो. (तरी गटाराचं नाव घेतलं म्हणून माणसाला देश सोडावा लागला, यावर तू अजून नीट तोंड उघडलेलं नाहीस. ते माझं तुझ्याकडे येणं आहे.)

तुझा खरा मुद्दा प्रेषित पौलाचा. क्रूसानंतर वीस-पंचवीस वर्षांत तो करिंथकरांना लिहितो की उठलेला येशू पाचशेहून जास्त जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. खोटं बोलणारा माणूस असे जिवंत साक्षीदार पुढे करील का, हा तुझा प्रश्न. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. पण माझा जन्म कोर्टाच्या फायली चाळण्यात गेला रे. पाचशे साक्षीदार म्हणजे पाचशे जबाब नव्हेत. फायलीत जबाब एकट्या पौलाचा, त्या पाचशेंतल्या एकाचंही नाव नाही. आणि खात्री करायला करिंथहून समुद्र ओलांडून जाणार कोण? पौल खोटारडा होता असं मात्र मला म्हणवत नाही. ऐकलं, पटलं, लिहिलं, असंही असू शकतं ना?

"काय दाखवलं तर मानशील?" असं तू विचारलंस. आभाळात अक्षरं उमटली तर, म्हणालो. "तेव्हा तू आधी डोळे तपासून घेशील." खरंय, घेईनच. याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण काय दाखवलं तर सोडशील, असं मी विचारल्यावर तू मटणाचं भांडं पुढे सरकवलंस, हेही लक्षात आहे. येशू उठल्यावर शंका घेणाऱ्या त्याच्या शिष्याला, थॉमसला, जखमेत बोट घालून बघायची मुभा मिळाली होती. मी तेवढंच मागतोय.

आता आईचं. गेल्या वर्षी गुडघ्यासाठी तिने वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा पाय वाहिला होता ना, स्टॉलवर घासाघीस करून घेतलेला? त्याआधी सहा महिने फिजिओथेरपिस्ट घसा कोरडा करत होती, पण आई व्यायामाला हात लावत नव्हती. पाय वाहून आली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ व्यायाम सुरू. का, तर "तिला पाय देऊन आले, आता मी आळस केला तर काय वाटेल तिला?" गुडघा सुधारला. मी तो व्यायामाच्या खात्यात मांडतो, तू माउलीच्या मांडशील. आईला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या हिशोबात माझा गुडघा कशाला?"

8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होईल, तेव्हा तिला यायचंय. गर्दीत तिला एकट्याने वर नेणं मला जमायचं नाही. एका बाजूने तू धर. डबा तेव्हाच आणतो, आईने नारळाच्या वड्या भरायचं ठरवलंय.

तुझा,
सुध्या