वसतिगृहातली खाट रिकामी का राहते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहांची चर्चा सुरू होते. किती मंजूर, किती चालू, किती भाड्याच्या इमारतीत. चर्चा गरजेचीच आहे, पण ती पाचवीच्या पुढच्या मुलांपाशी अडकते आणि ज्या मुलामुळे सगळे गणित बिघडते ते राहूनच जाते. ते मूल दीड-दोन वर्षांचे असते.

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना 2021 साली मंजूर झाली. 41 तालुके, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी 82 वसतिगृहे, प्रत्येकात 100 जागा. प्रवेश पाचवीपासून. आता एका कोयत्याच्या घरात डोकावून बघा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. समजा मोठी मुलगी सहावीत, मधला दुसरीत, धाकटा दीड वर्षाचा. सहावीतल्या मुलीला वसतिगृहात जागा आहे. दुसरीतल्याला नाही; त्याची सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात, म्हणजे आईबाप फडात असेपर्यंत जेवणाखाण्याची, तेही वेळेवर सुरू झाले तर. धाकट्याची सोय कुठेच नाही, तो आईबरोबर जाणार. आई पहाटे चारला उसाच्या फडात उतरणार, म्हणजे त्याला सांभाळायला कुणीतरी हवे. ते कुणीतरी म्हणजे सहावीतली बहीण, आणि वसतिगृहातली तिची खाट रिकामी राहते. आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

आईने धाकट्यासाठी मागे थांबावे, तर उचल आड येते. उचल म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. जानेवारी 2024 मधल्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ होऊन तो टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. वाढ मोठी होती, मान्य. पण एका कोयत्याने लाखाची उचल घेतली असेल तर ती फेडायलाच 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडले, तरी 137 दिवस झाले. हंगाम तेवढे दिवस चालला नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर फिरते. आजारपण, बाळंतपण, मुलाचा ताप, काहीही झाले तरी खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबात चढतो. जोडीतली बाई बसली की अर्धाच कोयता उरतो, उचल मात्र पूर्ण कोयत्याची असते. म्हणून बाळंतीण महिनाभरात फडात दिसते. नोकरदार बाईला कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. हिचा मालक कोण, हेच कागदावर नाही. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार म्हणतो माझा मुकादमाशी.

पाळणाघराचेही तेच. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. कारखान्याच्या गेटबाहेर मजुरांच्या तळावर शे-दोनशे कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या असतात, पण त्यातली एकही बाई हजेरीपटावर नसते. त्यामुळे 50 चा आकडा कधी भरतच नाही.

यावर उपाय नव्याने शोधायची गरज नाही. रोजगार हमीच्या कामावर बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, की त्यांच्यातल्याच एकीने मुले सांभाळायची आणि तिला तीच मजुरी द्यायची, अशी तरतूद 2005 च्या रोजगार हमी कायद्यात होती. ती फडात आणता येईल. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत सहा वर्षांखालची पाच मुले सहज निघतात. सांभाळणाऱ्या बाईला अर्ध्या कोयत्याची कमाई, म्हणजे एक टनाचे 366 रुपये, रोज दिली तर 150 दिवसांचे साधारण 55 हजार होतात. पैसे कुठून? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असे ठरले आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे ही रक्कम एक कोटी होते. त्यात अशा 50 बायकांची मजुरी म्हणजे साडेसत्तावीस लाख. उरलेल्यात मुलांचा खाऊ, ताडपत्री आणि पाण्याची टाकी आरामात बसते.

मात्र ही मजुरी मुकादमाच्या हातून गेली तर योजना पहिल्याच आठवड्यात बुडेल. गाडी भरायला आली आणि माणूस कमी पडला, की तो या बाईलाच मोळ्या उचलायला बोलावणार. पैसे त्याच्याकडून मिळत असतील तर ती नाही म्हणू शकत नाही. म्हणून रक्कम महामंडळाकडून थेट तिच्या खात्यात जायला हवी. दुसरी चूक ठरलेली असते ती म्हातारीला बसवण्याची. काम न होणारी सासू मुले सांभाळेल, असे सगळ्यांनाच वाटते. पण फडात मूल सांभाळणे म्हणजे नुसते झोळी हलवणे नाही. पाचटाच्या सावलीत मूल झोपलेले असते आणि ट्रॅक्टर मागे येत असतो. विहिरीला कठडा नसतो. पाचटात साप असतात. धावू शकणारी बाईच हवी, आणि मुलांची जागा गाडीवाटेपासून लांब, दोरी बांधून आखलेली हवी.

वेळेचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेचा निकष दिवसाला साडेसात तासांचा होता. नऊला उघडून साडेचारला बंद होणारे पाळणाघर इथे कुणाच्याच कामाचे नाही. पहाटे चार ते दुपारपर्यंतचे तास महत्त्वाचे. गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीवाल्या टोळ्यांचा, तळ एका जागी असतो, तिथे पत्र्याची शेड उभारून दोन पाळ्या लावता येतात. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या फडामागे फिरतात, त्यांचे पाळणाघर टोळीबरोबरच फिरले पाहिजे. दोन्हींना एकच नमुना लावणारा शासन निर्णय काढू नये, एवढीच विनंती.

बाकीच्या योजनाही बारा महिने एकाच गावात राहणाऱ्या कुटुंबाला धरून आखलेल्या आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5 हजार रुपये मिळतात, 3 हजार आणि 2 हजार अशा दोन हप्त्यांत. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद आणि 14 व्या आठवड्यापर्यंतची लसमात्रा पूर्ण लागते. ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेल्या बाळाची सहा आठवड्यांची लस सप्टेंबरअखेर गावात होते, दहा आठवड्यांची ऑक्टोबरच्या शेवटी, निघायच्या गडबडीत. चौदाव्या आठवड्याची येते नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तेव्हा ते बाळ दोनशे किलोमीटर लांबच्या कोपीत असते. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते, पण त्यासाठी आईला खाडा करावा लागतो आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर लागते. ते गावाकडच्या ट्रंकेत राहिलेले असते. तळावरच आठवड्यातून एक लसीकरण सत्र, तेही संध्याकाळी, ठेवले तर हा हप्ता वाचतो. धान्याचे थोडे बरे आहे. एक देश एक रेशन कार्डमुळे माणशी पाच किलो कुठल्याही दुकानात मिळते आणि कार्डावरचे निम्मे गावी, निम्मे फडाजवळ असेही उचलता येते. पण पाचटाने सोलवटलेला अंगठा मशीन घेत नाही, आणि गावी आजीचा अंगठा लागला की दुकानदार पाचही जणांचे धान्य एकदमच देऊन टाकतो.

शाळेतही कागदाचेच अडते. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, आणि स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्डही त्यासाठीच आहे. पण शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेचा पट 30 सप्टेंबरला धरला जातो आणि ही मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. पट गेला तर शिक्षकाचे पद जाते, म्हणून नाव गावच्याच शाळेत राहते. मूल कर्नाटकात गेले तर जवळची शाळा कन्नड माध्यमाची निघते, तिथे कार्डाचाही उपयोग नाही.

हे सगळे सावरायचे तर मुलांची नोंद नोव्हेंबरात तळावर जाऊन करण्यात अर्थ नाही. उचलीचे व्यवहार पावसाळ्यातच होतात. मुकादम तेव्हा कोयत्याचे नाव, आधार क्रमांक, रक्कम सगळे लिहून घेतो. त्याच कागदावर मुलांचा एक रकाना हवा: नाव, वय, इयत्ता, शेवटची लस, बरोबर येणार की मागे राहणार. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक कारखान्याच्या शेतकी विभागाला गेली पाहिजे, आणि हा रकाना कोरा असलेल्या टोळीला तोडणीची चिठ्ठी देऊ नये. उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकी विभागाला हे जड जाऊ नये. हंगामी वसतिगृहांचे प्रस्तावही मग सप्टेंबरमध्येच मंजूर करता येतील. आज अनेक ठिकाणी गाड्या गेल्यावर मंजुरी येते, तेव्हा गावात जेवायला मूलच उरलेले नसते.

आपला,
एक वाचक, बीड जिल्हा