आधी तिकीट, मग विमान : ग्रानादाच्या दोन रात्रींसाठी मुक्ताला पत्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सायलीबरोबर दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला जायचं म्हणतेस आणि म्युनिकहून मालागाचं विमान स्वस्त मिळतंय, असं लिहिलंस. विमान अजून काढू नका. ग्रानादाची सहल ठरते ती अल्हाम्ब्रा या टेकडीवरच्या किल्ल्या-राजवाड्यांच्या तिकिटावर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर : आतल्या नास्रिद, म्हणजे इथल्या शेवटच्या मुस्लिम सुलतानांच्या, राजवाड्यात शिरायची जी वेळ तिकिटावर छापून येते तिच्यावर. ती हातात आली की बाकीचे दोन दिवस तिच्या मागेपुढे बसवता येतात. आधी विमान, मग हॉटेल आणि शेवटी तिकीट अशा क्रमाने जाणारे बरेच जण तटबंदीचे बाहेरून फोटो काढून परत येतात.

तारखेचंही बघा. २८ फेब्रुवारी हा आंदालुसियाचा, म्हणजे ग्रानादा ज्या प्रांतात आहे त्याचा, प्रादेशिक दिन, तिथे सुट्टी असते. तो शनिवार-रविवारला जोडून आला की सेविया, कोर्दोबा, मालागाची माणसं घराबाहेर पडतात, हॉटेलं महागतात आणि तिकिटं आधी संपतात. एक आठवडा पुढे किंवा दोन आठवडे मागे सरका. ईस्टरच्या आधीचा आठवडाही टाळा. मिरवणुकांसाठी जुन्या शहरातले रस्ते संध्याकाळी तासन्‌तास बंद असतात आणि आपल्याच हॉटेलपर्यंत पोचायला वळसे पडतात.

तिकीट अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधलंत की वरती तीन-चार दलालांची पानं येतात, दिसायला अगदी सरकारी. तिथे तेच तिकीट चढ्या भावाने मिळतं. तुम्हाला हवं ते ‘जनरल’. किंमत २० युरोच्या आसपास. त्यात अल्कासाबा हा किल्ला, नास्रिद राजवाडे, पार्ताल आणि हेनेरालीफेच्या बागा हे सगळं येतं. नुसत्या बागांचं आणि किल्ल्याचं वेगळं तिकीट असतं, ते शेवटपर्यंत शिल्लक दिसतं आणि लोक घाईत तेच घेतात. त्यात राजवाडे नाहीत, म्हणजे ज्यासाठी जायचं तेच नाही. शनिवार सकाळची वेळ हवी असेल तर दीड-दोन महिने आधी बसा.

तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा नंबर येतो, आणि आत प्रत्येक मोठ्या भागाच्या दाराशी पुन्हा तपासतात. तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाइलमधला फोटो नको. आपल्या नावांचा एक घोळ असतो : स्पॅनिश लोक दोन आडनावं लावतात म्हणून फॉर्ममध्ये आडनावाला ऐसपैस जागा असते, आणि आपण बाबांचं नाव तिथे कोंबतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये जे आहे ते नावात, ‘सरनेम’मध्ये जे आहे ते आडनावात, बस्स. जर्मनीचं रहिवासी कार्डही बरोबर ठेवा. शेंगेनमध्ये सीमेवर कुणी थांबवत नसलं तरी विमानतळावर विचारू शकतात, आणि स्पेनमधल्या हॉटेलांना प्रत्येक पाहुण्याची ओळखपत्राची नोंद करावीच लागते.

तिकीट संपलेलं दिसलं तर लगेच नाद सोडू नका. रद्द झालेली तिकिटं अधूनमधून परत येतात, सकाळ-संध्याकाळ बघत राहा. दुसरा मार्ग ‘दोब्ला दे ओरो’ नावाच्या जोडतिकिटाचा, त्यात अल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीवरच्या अल्बायसिन या जुन्या वस्तीतल्या इमारतीही असतात. तिसरा रात्रीच्या फेरीचा. हिवाळ्यात ती शुक्रवारी आणि शनिवारी असते, पण तिच्यात फक्त राजवाडे दिसतात आणि दिव्यांच्या उजेडात छताचे बारकावे हरवतात. अगदीच काही नाही तर गाइडसहित सहलीचं तिकीट. महाग पडतं, पण खरं असतं.

आता वेळ कुठली घ्यायची? माझं मत सकाळी १०. अल्हाम्ब्रा वर्षभर साडेआठला उघडतो. हिवाळी वेळापत्रकात, म्हणजे १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च, संध्याकाळी ६ ला बंद होतो. साडेआठची वेळ घेतली तर उठण्यापासून धावपळ, दुपारची घेतली तर पाय दमलेले आणि बागा उरकायची घाई. दहाच्या वेळेचा खरा फायदा वेगळाच आहे : सगळी जागा एका दिशेने, मागे न वळता पाहून होते.

ती अशी. बहुतेक लोक वरच्या मुख्य तिकीटघरापाशी उतरतात. तिथून राजवाड्यांपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि वेळ चुकते ती नेमकी इथे. तिकिटावर १० म्हणजे राजवाड्याच्या दाराशी १०, तिकीटघराशी नव्हे. उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, रडून उपयोग नसतो. तुमच्याकडे तिकीट आधीच असेल, तर मुख्य तिकीटघराकडे जायचं कारणच नाही. प्लासा इसाबेल ला कातोलिकापासून सी-३० ही छोटी बस घ्या आणि ‘पुएर्ता दे ला हुस्तिसिया’ला उतरा. हा १३४८ चा, सुलतान पहिल्या युसुफच्या काळातला दरवाजा. आत वाट काटकोनात वळत जाते, हल्लेखोराला सरळ घुसता येऊ नये म्हणून. आपल्याकडच्या गडांचे वळणाचे दरवाजे पाहिलेत, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. चालायची हौस असेल तर प्लासा नुएवापासून कुएस्ता दे गोमेरेसच्या चढाने झाडीतून वर या; वीस मिनिटं, पण चढ खडा आहे.

पावणेनऊला आत आलात की आधी अल्कासाबा बघा. ‘तोर्रे दे ला वेला’ बुरुजावरून खाली शहर, समोर अल्बायसिन आणि मागे सिएरा नेवादाचा बर्फ दिसतो. सकाळी वर वारा बोचरा असतो, ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. दक्षिण स्पेन म्हणून नुसती कापडी जाकिटं घेऊन जाऊ नका. मार्चच्या सुरुवातीलाही रात्री थंडी पडते.

पावणेदहाला राजवाड्याच्या रांगेत लागा. मोठी सॅक आत चालत नाही, हॉटेलवरच ठेवा. छोटी असेल तर पोटाशी धरायला सांगतात. आत एकाच दिशेने जायचं असतं आणि बाहेर पडलं की परत शिरता येत नाही, म्हणून सावकाश. आधी मेशुआर हे दालन, मग कोमारेसचं अंगण आणि त्यातलं लांबट पाणी. त्याच्या टोकाला राजदूतांचा दरबार. वरचं लाकडी छत आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं आहे आणि त्यात सात आकाशं मांडलेली आहेत, असं मानतात. दहा मिनिटं भिंतीकडे पाठ करून (न टेकता!) वर बघा, डोळे अंधाराला सरावले की ताऱ्यांच्या ओळी सुट्या होतात.

त्याच दालनांत भिंतीचा खालचा फरशांचा पट्टा जवळून पाहा. पणजीला मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या फरशा तू पाहिल्या आहेस. तिथे चौकोनी फरशीवर चित्र रंगवून मग भाजलेलं आहे. इथे रंगवलेलं काही नाही : प्रत्येक रंगाची वेगळी फरशी भाजून, ती हवी त्या आकारात छिनीने तासून, तुकड्याला तुकडा भिडवून नक्षी जुळवलेली आहे. तिरपा उजेड पडला की सांधे दिसतात, काही ठिकाणी तुकडा उडालेला असतो आणि खालचं मातकट अंग उघडं पडलेलं असतं. दुरून फोटो काढणाऱ्यांना हे कळत नाही.

पुढे सिंहांचं अंगण, सुलतान पाचव्या मुहम्मदाने चौदाव्या शतकात बांधलेलं. बारा संगमरवरी सिंह, १२४ खांब. गर्दी सगळी कारंज्याभोवती असते. तुम्ही दोघी बाजूच्या ‘दोन बहिणीं’च्या दालनात जा. तिथल्या घुमटात जिप्समच्या पाच हजारांहून अधिक छोट्या लोलकांची मधाच्या पोळ्यासारखी रचना आहे. घुमटाखालच्या खिडक्यांतून उजेड येतो आणि सूर्य सरकेल तशा सावल्या हलतात. समोरच्या अबेन्सेर्राहेस या सरदार घराण्याच्या दालनात कुंडातल्या तांबूस डागाला गाइड लोक त्या सरदारांचं रक्त म्हणतात. तो लोखंडाचा गंज आहे, पण ऐकायला मजा येते.

राजवाड्यातून बाहेर पडता ते पार्तालच्या बागेत. तिथून तसंच पुढे हेनेरालीफे. वाटेत पाण्याचा आवाज सुटत नाही, त्याचं कारण ‘असेकिया रेआल’ : तेराव्या शतकात दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला, सुमारे सहा किलोमीटरवर वळवून उताराने टेकडीवर आणलेला हा कालवा. पंप नाही, नुसता उतार. पाचव्या कार्लोसचा राजवाडा, बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगण, त्याला तिकीट लागत नाही. त्यातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मला तो तिथे जड वाटतो, पण राजवाड्याच्या रांगेआधी पाहून होतो.

एक वाजेपर्यंत सगळं झालेलं असेल. खाली येताना बस घेऊ नका. मुख्य तिकीटघराजवळून ‘कुएस्ता दे लोस चिनोस’ नावाची पायवाट तटाच्या कडेने थेट दार्रोकाठी पासेओ दे लोस त्रिस्तेसला उतरते. पंधरा-वीस मिनिटं. पाऊस झाला असेल तर मात्र टाळा. नदीतले गुळगुळीत गोटे उभे बसवून केलेली फरसबंदी ओली झाली की पाय सरकतो. हीच फरसबंदी साऱ्या अल्बायसिनमध्ये आहे. बूट जाड तळव्याचे हवेत, आणि चाकांच्या बॅगा घेऊन अल्बायसिनमध्ये राहायला जाऊ नका. फोटोत ती घरं फार गोड दिसतात. प्रत्यक्षात गाडी दारापर्यंत जात नाही आणि शेवटच्या पायऱ्या बॅग उचलून चढाव्या लागतात. प्लासा नुएवा, कॅथीड्रलचा परिसर किंवा रेआलेहो ही वस्ती, यांतलं काही बघा.

जेवणाचं सायलीसाठी नीट लिहिते, कारण ती शाकाहारी. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोट्या बशीतलं खाणं, फुकट येतो, आणि तो स्वयंपाकघर ठरवतं. वाइन किंवा बिअरच हवी असं नाही, ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षाचा रस मागितला तरी बहुतेक ठिकाणी येतो. पेय सांगतानाच ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हामोन नको, मासा नको) म्हणा. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर हामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे येऊ शकतात, पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोजत नाहीत. मिश्र सॅलडवर ट्यूना असतो. साल्मोरेहो हे गार टोमॅटोचं सार दिसतं निरुपद्रवी, पण वर हामोन आणि अंडं भुरभुरलेलं असतं. ‘रेमोहोन’ या संत्र्याच्या सॅलडमध्ये खारवलेला कॉड मासा. आणि ‘तोर्तिया देल साक्रोमोन्ते’ या ऑम्लेटला चुकूनही हात लावू नका, त्यात मेंदू वगैरे असतं. बिनधास्त मागवायचं ते ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ : वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी. काकवी म्हटल्यावर कोल्हापूरच्या सायलीला आणखी काही सांगायला नको.

दुपारी दोन ते चार जेवण, मग बहुतेक स्वयंपाकघरं आठपर्यंत बंद. सहाला जर्मन वेळेप्रमाणे भूक लागली तर ब्रेड-चीज पिशवीत असू द्या.

शनिवारी संध्याकाळी सी-३१ ने अल्बायसिन. सूर्यास्त त्या दिवसांत सातच्या आसपास. सान निकोलासच्या कट्ट्यावर तासभर आधी जागा भरते, आणि सगळे पुढे बघत असताना खिसेकापूंचं काम मागे चालतं. शेजारच्याच मशिदीच्या बागेतून तोच देखावा दिसतो, ती उघडी असेल तर तिथे जा. नाहीतर खालची प्लासेता दे कार्वाहालेस.

रविवारी सकाळी कॅथीड्रल प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी उघडतं. त्याला लागूनच असलेल्या रॉयल चॅपेलपासून सुरुवात करा. १४९२ च्या २ जानेवारीला ज्यांनी हे शहर घेतलं ते राणी इसाबेल आणि राजा फेर्नान्दो तिथे पुरलेले आहेत. वर संगमरवरी थडगी, खाली तळघरात शिशाच्या साध्या पेट्या. पायऱ्या उतरून त्या पेट्या बघाच. दाराबाहेर बायका रोझमेरीची काडी हातात कोंबतात आणि मग हात बघून पैसे मागतात. हात खिशात, मान हलवायची, चालू लागायचं. नंतर कोर्राल देल कार्बोन हा चौदाव्या शतकातला सराईचा वाडा, आणि वेळ उरला तर दार्रोकाठचं बान्युएलो हमाम.

येण्याजाण्याचं थोडक्यात. मालागा विमानतळावरून ग्रानादाला थेट बस आहेत, पण मोजक्या. नसेल तर मालागा शहराच्या बसस्थानकावरून पकडायची. पावणेदोन-दोन तास. ग्रानादाचं बसस्थानक गावाबाहेर, कॅथीड्रलपासून तीनेक किलोमीटरवर आहे आणि मेट्रो जुन्या शहरात शिरत नाही, म्हणून तिथून सिटी बस किंवा टॅक्सी. परतीचं विमान रविवारी रात्रीचंच घ्या आणि बस विमानाच्या किमान पाच तास आधीची. शेवटची बस गाठून धावत विमान पकडायचा बेत मला मान्य नाही.

तेव्हा आता दोन-तीन शनिवार काढून प्रत्येकासाठी सकाळी १० ची वेळ शिल्लक आहे का ते बघ. तिकीट निघालं की मला कळव, मग हॉटेल बघू. आणि सायलीला अंडं चालतं का ते विचारून ठेव. चालत असेल तर बटाट्याच्या साध्या तोर्तियावर दोन्ही रात्री निभावतील.

तुझी,
आई