सायकल विकू नकोस

पुणे,
८ डिसेंबर

प्रिय मेधा,

सायकल विकायला काढलीस हे वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. पहिल्याच राइडला सगळे पुढे निघून गेले, हायवेवर तू एकटी उरलीस, टेम्पोत सायकल घालून घरी आलीस. माझंही असंच झालं होतं, बोपदेव घाटात. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण बोलले असते तर रडू आलं असतं.

माझा तो ग्रुप वेगाने जाणाऱ्यांचा होता. माणसं वाईट नव्हती. ते चाकाला चाक लावून एका ओळीत चालवतात. पुढचा वारा कापतो, मागच्यांचे पाय वाचतात आणि पुढे राहायची पाळी बदलत जाते. हे मला कुणी सांगितलंच नाही. धडकायच्या भीतीने मी दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून होते, म्हणजे सगळा वारा माझ्या छातीवर. घाट सुरू व्हायच्या आधीच पाय संपले. वर पोचले तर चहा पिऊन सगळे सासवडकडे गेलेले. अर्ध्या मिनिटात सांगून होण्यासारखं होतं गं ते! त्याचा राग मला अजून येतो.

पुढे वर्षभराने २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, नाव दिलं. साडेतेरा तासांची मुदत, पहिला-दुसरा नंबर नाही. आठ तासांत येणारा आणि तेरा तास वीस मिनिटांनी येणारा, दोघांनीही राइड पूर्ण केली, बस. मागून मदतीची गाडी येत नाही, ट्यूब-पंप आपला आपण न्यायचा. कंट्रोल, म्हणजे वाटेतलं हजेरी नोंदवायचं ठिकाण, बंद व्हायची वेळ कुणासाठी पुढे सरकत नाही. ऐकायला कठोर वाटतं ना? मला इथेच सगळ्यात जास्त माया मिळाली.

१४० किलोमीटरला मागचं चाक बसलं. पन्नाशीचे एक काका थांबले. त्यांनी चाक माझ्या हातातून घेतलं नाही. शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "ताई, नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा तिथंच असला तर हीसुद्धा जाईल." बाभळीचा काटा होता, बोटाला टोचला. त्यांची वीस मिनिटं गेली आणि मुदत तर त्यांनाही तीच होती. नंबरच नसल्यावर थांबणाऱ्याचं काही हरत नाही, असं मला तेव्हा वाटलं. नंतर वाटलं, नाही, त्यांनाही कधीतरी कुणीतरी असंच शिकवलं असणार.

पंढरपूरच्या सायकल वारीबद्दल भेटल्यावर बोलू. एवढंच सांगते, तिथे सगळे एकमेकांना माउली म्हणतात, आणि बिनगिअरच्या सायकलवर आलेल्या आजोबांना सायकल केवढ्याची, हे कुणीही विचारलं नाही.

शनिवारी मी खंबाटकी चढून साताऱ्याला येतेय, सायकलनेच. रविवारी उजाडताच निघू. यवतेश्वरचा घाट नको, लिंबच्या बारामोटेच्या विहिरीपर्यंत जाऊ. जाताना तू माझ्या मागे राहा. आधी सायकलभर अंतर, मग जमेल तसं कमी करू. वारा लागेनासा झाला की तुझं तुलाच कळेल. खड्डा आला की मी हाताने दाखवीन. येताना तू पुढे.

त्या गिऱ्हाइकाला रविवारपर्यंत थांबायला सांग. आणि दोन्ही टायरमध्ये हवा भरून ठेव.

तुझी,
शुभा